खांडीच्या तोंडात

माझ्या आईचा देवावर विश्वास होता आणि माझा आईवर राग होता. बाबा गेल्यापासून दोन वर्षं आमचं घर या दोन गोष्टींवर चाललं होतं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, अंगाने ताडमाड आणि जिभेने त्याहून लांब. आई माझ्या खांद्याला लागायची. तिचं नाव नीराबाई, पण गावातल्या बायका तिला किरिस्तावीण म्हणत. गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. आजोबा सडलेला पाय घेऊन अलिबागेला एका मिशनरी डॉक्टरकडे गेले होते, ते पाय तिथेच ठेवून आणि येशूला घेऊन परत आले. बाबा गमतीने म्हणायचे, सौदा काही वाईट नव्हता.

आमचं गाव रेवसच्या अलीकडे, खाडीकाठी. खाडीचं खारं पाणी अडवायला मातीचा लांबच लांब बांध, आणि बांधाच्या आत भाताची खाचरं. त्यातली दोन आमची. बांध मात्र साऱ्या गावाचा. तो राखायला घरटी एक माणूस द्यायचा, आणि ज्या घराचं माणूस बांधावर नाही त्या घराचं आत शेत नाही, असा नियम होता. स्वराज्य येऊन बारा वर्षं झाली होती, पण बांधावरचे नियम कोणी बदलले नव्हते.

त्या वर्षी भाद्रपदाच्या अमावास्येला उधाणाचं पाणी आणि वारा एकदम आले आणि बांध फुटून खांड पडली. चांगली वीस हात. सकाळी बघतो तर पोटरीला आलेल्या भातावरून लाटा येत होत्या. अशी खांड पंचवीस वर्षांत पडली नव्हती. पाऊस संपेपर्यंत कोणाला काही करता येणार नव्हतं.

खांड बांधायची ती अष्टमीला. तेव्हा भांग असतो, म्हणजे भरतीला जोर नसतो, आणि ओहोटी भर दुपारी तळाला जाते. तेवढ्या दोन-तीन तासांत माती घालून तोंड बंद करायचं. आणि शेवटची माती पडताना खाडीला कोंबडा द्यायचा. त्याआधी घरटी एका माणसाने कोंबड्याला हात लावायचा, म्हणजे तो साऱ्या गावाचा झाला.

कार्तिकात बांधाचा पंच धर्माजी याने गाव जमवला. साठीचा माणूस, आवाज असा की खाडीपलीकडे ऐकू जावा. आई सगळ्यांच्या मागे उभी होती. तिथूनच ती म्हणाली, "धर्माजीदादा, माती दुप्पट टाकीन. पन कोंबड्याला हात न्हाय लावनार."

"हात लावल्यानं तुजा हात झिजतो काय गं?" वेणूबाई म्हणाली. वेणूबाई आमची शेजारीण. खरं सांगायचं तर मलाही तेच विचारायचं होतं.

"झिजत न्हाय," आई म्हणाली. "पन ज्याला मी माजं सगलं सोपवलंय, त्याच्याम्होरं मी खोटी पडन."

धर्माजीने एकदा सगळ्या गावाकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुज्या एकटीपायी साऱ्या गावाचं भात दर्यात घालू? कोंबड्याला हात न्हाय, तर मातीलाबी हात न्हाय." याचा अर्थ सगळ्यांना कळला. मातीला हात नाही, म्हणजे शेत नाही.

घरी आल्यावर मी आईला धारेवर धरलं. भायखळ्याहून मामाचं पत्र आलं होतं. दोघी इकडे या, रतनला नर्सचं काम शिकता येईल, राहायची सोय आहे. पत्र मी इतक्या वेळा वाचलं होतं की घडीवर ते फाटायला आलं होतं.

"तू रोज देवाला म्हणतेस वाट दाखव," मी म्हटलं. "आता वाट टपालाने घरी आली, तर तिच्याकडे बघायला तयार नाहीस."

"ती वाट तुजी असंल. माजी अजून कललेली न्हाय."

"कळायला काय तार येणार आहे?"

"येईल तवर भाकऱ्या कर," आई म्हणाली.

अष्टमीला गावाने आमच्याविना खांड बांधली. आम्ही दोघी लांब, करंजाखाली उभ्या होतो. दुपार टळेपर्यंत बांध जुळला, कोंबडा दिला गेला, ढोल वाजला. तिसऱ्या दिवशी सकाळच्या भरतीने सगळं धुऊन नेलं. ओली माती अजून बसली नव्हती, हे बांधावरचं लहान मूलही सांगेल. पण गावात बोललं गेलं ते वेगळंच. एका घराचा हात कमी पडला. वेणूबाई आमच्या दारावरून जाताना तोंड फिरवून जाऊ लागली.

 दुसऱ्या दिवशी फावडं आणि पाटी घेऊन आई बांधावर गेली. जुन्या वाटणीत बांधाचे चौदा हात आमच्या घराकडे होते. त्यांत खेकड्यांनी बिळं केली होती, त्यांतून पाणी झिरपायचं. आई एकेका बिळात हात घालून खोली बघायची आणि चिखल ठासून भरायची. मातीला हात लावायचा नाही असं तिला सांगितलं होतं, पण तिला अडवायला कोणी आलं नाही. शेत जाणारच आहे, तर बिळं कोणासाठी बुजवतेस, असं मी विचारलं. "आज तरी आपल्याच वाटनीत हाईत," ती म्हणाली. चौथ्या दिवसापासून मी पण जाऊ लागले. विश्वासाने नाही, लाजेने. आई चिखलात असताना घरात बसून मला पत्र वाचवत नव्हतं.

एकदा धर्माजी बांधावरून चालत आला आणि आमच्याजवळ थांबला. बुजवलेल्या बिळांवर त्याने टाच रोवून पाहिली. माती घट्ट होती.

"नीरे," तो म्हणाला, "खांडीच्या तोंडात तिघं उभं करावं लागत्यात. तिवराच्या फांद्यांची ताटी पाठीनं धरून. तवाच मागं माती टिकती. चंदर हाय, तुळशीराम हाय. तिसरा आमचा कान्हा, त्याची बरगडी मागच्या खेपेला दुखावली. तिसरा मानूस मला गावत न्हाय."

आई हात पुसत ऐकत होती.

"जुना रिवाज हाय," धर्माजी म्हणाला. "तोंडात उभा र्‍हानारा कोंबड्याला हात लावत न्हाय, आनि त्याच्या घरचंबी कोन लावत न्हाय. त्यानं अंगच दिलंय, त्याच्याकडं आनखी काय मागायचं? त्याचं शेतबी कोनी काढत न्हाय."

मला तेव्हा कळलं नाही, पण हा माणूस पंधरा दिवस आमच्यासाठी नियमात फट शोधत होता. बोलायला त्याला जड गेलं असणार. पंचवीस वर्षांपूर्वीच्या खांडीत तोंडात उभा असलेला त्याचा सख्खा भाऊ वाहून गेला होता, आणि सापडला तो तिसऱ्या दिवशी, दुसऱ्या गावच्या काठाला.

"मी उभी र्‍हाईन," आई म्हणाली.

"पानी तुज्या नाकावर जाईल."

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. आई त्याच्या आणि माझ्या मध्ये आली. "तिला न्हाय," ती म्हणाली. एवढंच. आईचा तसा आवाज मी आधी ऐकला नव्हता.

त्यानंतर पुढची अष्टमी येईपर्यंत ती रोज पहाटे गुडघे टेकून बसायची. मी गोधडीत पडून ऐकायची. शब्द फार नव्हते. वाट दाखव, आणि दाखवलीस की चालायचं बळ दे. मला वाटे, देवाच्या जागी मी असते तर या बाईला कंटाळून तरी काहीतरी दाखवलं असतं.

अष्टमीला सगळा गाव बांधावर होता. खाडीतून चिखलाचे गोळे कापायचे आणि हातोहात रांगेने पुढे द्यायचे, असं काम. दोन्ही बाजूंनी बांध सरकत सरकत मध्ये आला. ओहोटी तळाला लागली तेव्हा तोंड चार हात उरलं होतं. चंदर आणि तुळशीराम ताटी घेऊन उतरले. आईने लुगड्याचा काचा आवळला आणि ती काठाकडे निघाली.

मी विचार केला असं म्हणणार नाही. मला शेत नको होतं, मला भायखळा हवं होतं. पण ही बाई पाण्यात उतरली तर बुडणार, हे मला दिसत होतं, आणि उतरली नाही तर गाव तिचं शेत काढून घेणार. जिने दिवसच्या दिवस खेकड्यांची बिळं बुजवली, तिच्यावर ही वेळ यावी याचा मला संताप आला. गावाचा आला, आईचा आला, सगळ्यात जास्त तिच्या देवाचा आला. आईच्या शेजारून मी पुढे झाले आणि उडी घेतली.

"रतन!" ती ओरडली. तोवर मी चंदर आणि तुळशीरामच्या मध्ये होते.

आम्ही हातांत हात अडकवले आणि पाठी ताटीला लावल्या. पाणी छातीला होतं. पायाखाली चिखल, एका जागी ठरत नव्हता. मागून बांधावरून गोळे पडत होते, धप धप, प्रत्येक गोळ्याने पाठीला हिसका बसत होता. मग समोरून पाणी फिरलं. भरती सुरू झाली. चंदर म्हणाला, "आता ढकलंल. सोडू नको, पोरी." पाणी गळ्याशी आलं. मला फार भीती वाटली. इतकी भीती मला बाबा गेले त्या दिवशीही वाटली नव्हती.

आणि माझा पाय घसरला. मी खाली गेले. तोंडात खारं पाणी, कानात नुसता आवाज. चंदरचा हात माझ्या काखेत अडकलेला होता, तेवढाच काय तो धागा. आईसारखी प्रार्थना मला कधी जमली नाही. तेव्हा मी मनात एवढंच म्हटलं, तू असशील तर आत्ता धर. मी माझ्याकडून सोडत नाही.

पायाला काहीतरी कडक लागलं, एखादा जुना दगड असेल. त्यावर जोर देऊन मी उभी राहिले. डोकं वर आलं, खोकले, थुंकले, आणि पाठ पुन्हा ताटीला लावली. किती वेळ गेला ठाऊक नाही. वरून आरोळी झाली, दोर आला, आम्हा तिघांना ओढून वर घेतलं. तोंड बंद झालं होतं. धर्माजीने कोंबडा खाडीला दिला. आमच्या घराला कोणी हात मागितला नाही. वेणूबाईने आपलं धडुतं काढून माझ्या खांद्यावर टाकलं आणि निघून गेली.

त्या वेळचा बांध टिकला. जमिनीतलं मीठ उतरायला मात्र दोन पावसाळे गेले. मी भायखळ्याला गेले ती तिसऱ्या वर्षी, पहिलं भात घरात आल्यावर.

पण सांगायचं आहे ते त्याच संध्याकाळचं. आईने पाणी तापवलं आणि परसात दगडावर बसवून मला घासू लागली. चिखल केसांत, कानांत, नखांत. मी जिवंत होते आणि मला बोलण्याची खुमखुमी आली होती.

"झालं ना तुझ्या मनासारखं?" मी म्हटलं. "शेत राहिलं, हात लावावा लागला नाही. तुझा देव बरा पक्का निघाला. आणि तूही."

आईचा हात थांबला. तांब्या तिने खाली ठेवला.

"मी पक्की न्हाय," ती म्हणाली. "तुजं डोसकं पान्याखाली गेलं तवा मी रांग सोडून कोंबड्याकडं धावले."

मी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"दोन वर्सं तुला सांगत आले, त्याच्यावर सोड, त्याच्यावर सोड. आनि तुज्या बाबतीत माज्याच्यानं सोडवलं न्हाय. म्हटलं, लावते हात. दहा वेला लावते. शेत घ्या, घर घ्या, पोर वर येऊ दे." ती रडत होती आणि रडताना माझ्या खांद्यावरचा चिखल बोटाने खरवडत होती. "धर्माजीदादाच्या हातात कोंबडा हुता. मी हात घातला. त्यानं कोंबडा डोक्याच्या वर उचलला. माजा हात पोचंना. मी उड्या मारते नि तो आनखी वर धरतो."

"काय म्हणाला?"

"म्हनाला, नीरे, पोर तुज्या देवाच्या भरवशावर उभी हाय. ती उभी हाय तवर तू हात लावायचा न्हाय."

 ज्या माणसाने आईला मातीला हात लावू दिला नव्हता, त्याने तिला कोंबड्याला हात लावू दिला नाही. आणि मी कोणाच्या भरवशावर उभी होते, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं. माझ्या पोटातला सगळा राग एकदम पाण्यासारखा झाला आणि मी आईच्या पोटाशी डोकं लावून हुंदके देऊन रडले. तिचं लुगडं ओलं झालं, चिखलाने भरलं, तरी ती हलली नाही.

"मला वाटायचं, वाट दाखवायला तो आपल्यातलंच कोनतरी धाडील," ती हळूच म्हणाली. "पाळकसायब येतील, न्हायतर तुजा मामा येईल. त्यानं धर्माजीदादाला उभं केलं."

डोकं तसंच ठेवून मी विचारलं, "मग तू काय केलंस?"

"काय करनार?" आईने तांब्या पुन्हा उचलला. "रांगेत जाऊन उभी र्‍हायले. मागून गोला आला. घेतला नि पुढं दिला."