पाणी हवं की नवरा

त्या काळी चिली देशाच्या कोरड्या किनाऱ्यावरच्या एका गावाला पाणी धुक्याचंच. डोंगरावर ताणलेल्या जाळ्यांना धुकं अडायचं आणि थेंबाथेंबाने हौदात उतरायचं. एल्सिराचं लग्न उद्यावर आलं, आणि पाच दिवस आभाळ लख्ख! रश्शाला पाणी नाही, नवरीच्या आंघोळीलाही नाही.

“रडू नकोस गं,” आत्या म्हणाली. “समुद्र गारठलाय. त्याच्यावरून येणाऱ्या ओल्या वाऱ्याला हुडहुडी भरली, की त्याचे बारीक थेंब होतात. तेच धुकं. येईल बघ पहाटे.”

आलं, आणि असं दाट की स्वतःचा हात दिसेना. हौद भरू लागला. समुद्रातून नवरदेवाच्या हाका येत होत्या, पण त्याच्या होडीला किनारा काही सापडेना.

“पाणी हवं की नवरा? एकच काय ते माग!” वडील हसले.

एल्सिराने रिकामी बादली उचलली आणि किनाऱ्यावर जाऊन दगडाने बडवत बसली. तासाभराने त्या आवाजाच्या रोखाने नवरदेव नोल्बेर्तो येऊन पोचला. टोपी, भुवया, दाढी, सगळं थेंबांनी लगडलेलं.

“आत्या,” ती ओरडली, “यालाही जाळ्याशेजारी टांगा! माझ्या आंघोळीपुरतं पाणी याच्या दाढीतूनच निघेल.”