शेवाळवाल्या बाईंच्या खोलीतला बाक

मी एक बाक बोलतोय. संशोधन संस्थेच्या मागच्या इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत माझा मुक्काम आहे. पाण्यातलं शेवाळ पाहून पाणी चांगलं की बिघडलेलं हे सांगणाऱ्या बाईंची ही खोली.

एक मोठं यंत्र ज्या खोक्यात आलं, त्याच्या फळ्यांपासून सुतारानं मला घडवलं. माझ्या पोटाशी अजून ‘जपून हाताळा’ असं छापलेलं आहे. लोकांनी ते फारसं मनावर घेतलं नाही, पण माझी तक्रार नाही. जळणात जायचो, तो बसायच्या कामी आलो. त्या सुताराचं भलं होवो.

बाई इथं आल्या तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं. दिवसभर भिंगाला डोळा लावून बसायच्या आणि थकल्या की माझ्यावर पाय पसरायच्या. पुढं लग्न झालं, संस्थेच्या दप्तरात सासरचं नाव लागलं आणि शोधनिबंधांवरही तेच छापून येऊ लागलं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

मला शाळा नाही. जे कळतं ते माझ्यावर बसणाऱ्यांच्या बोलण्यातून. या लोकांची रीत अशी, की नवा निबंध लिहिला म्हणजे ज्यांच्या कामाचा आधार घेतला त्यांची नावं शेवटी द्यायची. तुमचं नाव किती जणांनी घेतलं, कुणाकुणाबरोबर मिळून तुम्ही काम केलं, हे संगणक मोजतो. त्यावरून तुमचं वजन ठरतं.

एक दिवस विभागप्रमुख आणि हे वजन तपासणाऱ्या समितीचे एक गृहस्थ आले. दोघं माझ्यावर टेकले. विभागप्रमुखांनी घसा साफ केला.

“मॅडम, तुमचे उल्लेख फार कमी भरतायत. असंच राहिलं तर ही खोली शेजारच्या विभागाला द्यावी लागेल.”

बाईंच्या हातातली काचपट्टी तशीच राहिली. “आणि माझं शेवाळ?”

“ते बघू हो,” विभागप्रमुख पुटपुटले. ‘बघू’ म्हणजे काय, ते मलाही कळतं.

समितीवाले पुढं सरकले. “आणखी एक अडचण आहे. तुमच्या प्रत्येक निबंधात एकाच बाईंचा उल्लेख येतो. इतकं कुणाला वर चढवणं बरं दिसत नाही, मॅडम. कोण या? नात्यातल्या का?” त्यांनी नाव वाचून दाखवलं.

बाईंनी नाव ऐकलं. मग अशा हसत सुटल्या, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

“नात्यातल्याच म्हणा. माझ्या आईवडिलांची मुलगी आहे ती.”

“म्हणजे सख्खी बहीण!”

“अहो, एकुलती एक मुलगी!”

विभागप्रमुखांना आधी उमगलं. ते हसून इतके हलले की माझा डावा पाय कुरकुरला. संगणकानं माहेरची बाई वेगळी धरली होती आणि सासरची वेगळी!

पण समितीवाले हसले नाहीत. “मग हे सगळे उल्लेख वजा होतील. आपणच आपलं नाव घेतलेलं धरत नाहीत.”

“बरोबर आहे. कापा,” बाई म्हणाल्या. आवाज मात्र खाली गेला होता.

ते कापले. मग मोजणाऱ्यांनी दोन्ही नावं एकत्र जोडली. तेव्हा माहेरच्या नावामागं उभी असलेली माणसं दिसू लागली. शेवाळ तपासायची जी पद्धत बाईंनी लग्नाआधी याच खोलीत बसवली होती, ती कुठल्या कुठल्या गावच्या लोकांनी वापरली होती आणि प्रत्येकानं इमानानं नाव घेतलं होतं. बाई एकेक नाव वाचत माझ्यावर येऊन बसल्या. “अहो, मला वाटलं, ते कुणी वाचलंच नाही,” एवढंच म्हणाल्या.

खोली राहिली.

पुढं एक दिवस दूरच्या गावाहून एक संशोधक आले. हातात नदीच्या पाण्याच्या बाटल्या. बाईंकडे बघत दारातच उभे राहिले.

“मी तुम्हाला किती वर्षं शोधत होतो! बरोबर काम करायचं होतं. एकाएकी नाव यायचं थांबलं. वाटलं, तुम्ही काम सोडलंत.”

“लग्न केलं हो, काम कुठं सोडलं?” बाई म्हणाल्या. “या, बसा आधी.”

ते बसले. दोघांनी बाटल्या माझ्यावर मांडल्या, आणि दिवे लागले तरी बोलणं संपेना. आता येणाऱ्या निबंधावर दोघांची नावं असतील म्हणतात.

मी म्हातारा झालोय. पाय डगमगतो, खाली पुठ्ठ्याची घडी सारलेली आहे. पण ज्यांनी ज्यांनी बाईंचं नाव घेतलं त्यांचे मनात आभार मानतो. मोजणाऱ्यांचेही मानतो, कारण जोडून दिलं ते त्यांनीच. मागणं एवढंच, की एखाद्याचं नाव दिसेनासं झालं तर तो संपला असं धरू नका. जाऊन दार वाजवा. आत कुणीतरी भिंगाला डोळा लावून बसलेलं असेल. आणि तुम्हाला बसायला मी आहे.