हद्दीपलीकडचा बाप्तिस्मा

व्हर्नल स्टबलफील्डने म्हातारपणी बाप्तिस्मा घ्यायला होकार दिला, तो केवळ घरातली कटकट थांबावी म्हणून. बायको ओनेटा लग्न झाल्यापासून त्याच्या मागे लागली होती. "याला एकदा पाण्यात बुडताना बघितलं की मी सुटले," असं ती चर्चमध्ये चारचौघांत म्हणायची. ऐकणाऱ्याला तिचा नेमका हेतू कळत नसे.

रविवारी दुपारी सगळी मंडळी तलावावर जमली. गाड्या लावल्या तिथवर जमीन ओक्लाहोमा राज्याची. पिवळा पट्टा मारलेल्या ओकच्या झाडापुढे, जिथे बाप्तिस्म्यासाठी अख्खा माणूस बुडेल इतकं खोल पाणी होतं, तिथे केंद्र सरकारची. राज्याच्या हद्दीत कमरेला भरलेलं पिस्तूल चालतं, केंद्राच्या हद्दीत चालत नाही. व्हर्नल कमरेच्या पिस्तुलासकट ओकपाशी थबकला.

"मला काही पुढे येता यायचं नाही," तो आनंदाने म्हणाला. "कायदा आहे."

"मग काढून ठेव ते," ओनेटा म्हणाली.

"कुठे? गाडीत? परवाच इथे काचा फोडून पिस्तुलं पळवलीत."

कंबरभर पाण्यात उभे असलेले पाद्री, ब्रदर हॉलिस, ओरडले, "व्हर्नल, ये गुपचूप!"

"शिकारीला आलेल्याला पिस्तूल चालतं ना?" व्हर्नलने शेजारी उभ्या असलेल्या, तलावाची राखण करणाऱ्या रेंजरबाईंना विचारलं.

"सध्या कशाचाच हंगाम नाही, मिस्टर स्टबलफील्ड," मिस पेटिट म्हणाल्या.

खरं तर त्याला भीती वाटत होती. मागच्या वर्षी चर्चचा पियानो उतरवताना हॉलिसच्या हातून सुटला होता, आणि आता त्याच हातांवर पाठ टाकून आडवं व्हायचं होतं.

"आणखी कोणाकडे हत्यार असेल तर तेही अलीकडे ठेवा," मिस पेटिटनी सगळ्यांना सांगितलं.

 मग चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन रस्टीने पाठीमागून एक पिस्तूल काढलं. ऑर्गन वाजवणाऱ्या मिसेस लोवेलनी पर्समधून काढलं. गाणाऱ्या कॉयरच्या दोन्ही रांगा खाली वाकून घोट्यांना बांधलेली पिस्तुलं सोडू लागल्या. शेवटी ब्रदर हॉलिस झगा सावरत काठाकडे यायला लागले, तेव्हा मिस पेटिट वळून बदकं बघू लागल्या.

"तुम्हीसुद्धा?" व्हर्नल म्हणाला.

"सापांसाठी आहे," पाद्री म्हणाले.

टॉवेलांची टोपली पिस्तुलांनी भरली. आता तिच्यापाशी बसणार कोण? सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"आणा इकडे," ओनेटा म्हणाली. व्हर्नलचं पिस्तूलही तिनेच त्याच्या कमरेवरून काढलं, टोपली उचलली आणि मागे वळून न बघता गाडीत जाऊन बसली.

आता बहाणा उरला नाही. व्हर्नल पाण्यात शिरला. हॉलिसनी एक हात पाठीला लावला, दुसऱ्याने त्याचं नाक धरलं. व्हर्नलने काठाकडे नजर टाकली. सगळं चर्च होतं, मिसेस लोवेलचा कुत्रासुद्धा होता. गाड्या मात्र झाडीआड गेल्या होत्या.

"सोडा नाक," तो म्हणाला.

"आता काय झालं?"

"तिला दिसत नाहीये."

तो वळला आणि काठाकाठाने पाण्यातून चालू लागला. मागून भिजलेला झगा ओढत पाद्री आणि काठावरून सगळी मंडळी. कोणीतरी गाणं म्हणायला सुरुवात केली, पण चालता चालता कडवी मागेपुढे झाली. हद्द ओलांडून गाड्यांच्या समोर येईपर्यंत पाणी गुडघ्याखाली गेलं आणि खाली नुसता चिखल लागला.

"इथे बेडूकसुद्धा बुडायचा नाही," हॉलिस म्हणाले.

"मी बुडतो. तुम्ही फक्त धरा." व्हर्नल खाली बसला आणि चिखलात पाठ टेकून आडवा झाला. हॉलिस गुडघ्यांवर बसले, प्रार्थना पुटपुटले आणि दोन्ही हातांनी त्याला कणकेसारखं दाबलं. तो वर आला तेव्हा कानांतून चिखल गळत होता. मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

गाडीची काच खाली झाली.

"नाक कोरडं राहिलंय!" ओनेटा मांडीवरची टोपली घट्ट धरून ओरडली. तिचा आवाज कापत होता. "परत घाला त्याला!"

व्हर्नलने हॉलिसकडे बघितलं, स्वतःच नाक धरलं आणि पुन्हा आडवा झाला.