आवाजाने धरलेला दाणा

प्रेमदासजींच्या मृत्यूनंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मुलीची, जागृतीची, एमएस्सीच्या प्रोजेक्टची परीक्षा आली. आई जिजाबाई न विचारताच तिच्यासोबत नाचणगावहून निघाली. दोघी वर्ध्याच्या कॉलेजात पोचल्या.

प्रयोगशाळेत जागृतीने यंत्र मांडलं. एक वाटी खाली, एक वर उलटी, दोन्हींत चिमुकले स्पीकर. चिमट्याने तिने थर्माकोलचा बारीक दाणा मधे नेऊन सोडला. दाणा हवेतच राहिला.

जिजाबाई जवळ आली. "कायनं धरून ठेवलं वं त्याले?"

"आवाजानं."

"मले तं काई आयकू येत नाई."

"कोनालेच येत नाई, आई. लय बारीक, वरच्या पट्टीतला आवाज आहे. वरून, खालून लाटा येते. त्याईच्या मधात शांत जागा तयार होते, तिथं बसते तो."

बाबांना फोनवर तिने हेच सांगितलं होतं, हसत, भरभर. आज ते दुसरंच कुणी बोलत असल्यासारखं वाटलं.

परीक्षक किसनराव बाहेरगावाहून आले होते. "हलवून दाखवा," ते म्हणाले.

जागृतीने खालच्या स्पीकरांची लाट किंचित मागे सारली. दाणा हळूहळू खाली सरकू लागला. तेवढ्यात लाइन गेली. दाणा पडला आणि कुठेतरी फरशीवर उडाला.

जागृती नुसती उभी राहिली. बाबा गेल्याचा फोन आला तेव्हाही ती याच टेबलापाशी अशीच उभी होती. घाबरायला हवं, हे तिला कळत होतं. भीती वाटत नव्हती.

जिजाबाई खाली बसून फरशी चाचपू लागली. मग वर पाहून म्हणाली, "तिचे बाबा गेले ना सर. थोडं थांबा जी."

किसनराव स्टूल ओढून बसले. "थांबतो. लाइन येऊ द्या."

लाइन आली.

"दुसरा ठेव," आई म्हणाली.

दुसरा दाणा हवेत राहिला. जागृतीने तो खाली नेला, वर आणला. किसनरावांनी प्रश्न विचारले, तिने उत्तरं दिली. "छान काम आहे," ते म्हणाले. तिने मान हलवली.

बसस्टँडवर जिजाबाईने विचारलं, "रडली नाई वं तू अजून?"

"येतच नाई, आई."

"मलेही नाई येत."

नाचणगावला जायला पुलगावची गाडी लागली. गर्दी होती. दोघींना वेगवेगळ्या जागा मिळाल्या.