न घेतलेली नावं

नवरा तालाय गेला, तरी त्याचा फोन सोनुनबुबूने बंद पडू दिला नव्हता. बिश्केकच्या शिलाई कारखान्यात तिचं मशीन खिडकीपाशी होतं. कट्ट्यावर दोन फोन ठेवलेले असायचे, एक तिचा, एक नवऱ्याचा. स्वतःचा कधीमधी विझायचा, त्याचा नाही. कारण त्याच्या फोनवर गावाचा ग्रुप होता, आणि ग्रुपवर दर शुक्रवारी आपांचा आवाज यायचा.

ऊलकान आपा तिच्या सासूबाई, गावातल्या सगळ्यांत वडील. शुक्रवारच्या नमाजानंतर शेजारची कुंदुझ त्यांच्या तोंडाजवळ फोन धरी आणि आपा गावाला दुवा देत, "चुली पेटत्या राहोत, मेंढ्या दुधाने भरोत, परमुलखात गेलेली लेकरं हसत घरी येवोत." इकडे सोनुनबुबू मशीन थांबवी, ओंजळ पसरी, आणि 'आमीन' म्हणून तळवे चेहऱ्यावरून फिरवी. परमुलखातल्या लेकरांत आपणही आलो, एवढ्यावर तिचा आठवडा निघे. थोरल्या दिरांनी तिला तोंडावर सांगितलं होतं, की धाकटा मातीत गेला, तू शहरात निघालीस, आता ह्या उंबऱ्याशी तुझं काही काम नाही. आपांचा स्वतःचा फोन नव्हता आणि कुंदुझ दिरांच्या धाकात होती. तेव्हा तिच्या वाट्याला राहिला तो हा शुक्रवार.

थंडीत ग्रुपमध्ये भांडण झालं. कुणी परका शिरला होता, त्याने एका म्हाताऱ्याची यथेच्छ टवाळी केली. वडीलधारे चिडले. मग नवा नियम निघाला. ज्याला राहायचं आहे त्याने आपल्या सात पिढ्यांच्या बापांची नावं स्वतःच्या आवाजात पाठवावीत, ती सगळ्यांना ऐकवली जातील. जो सांगू शकणार नाही, तो आपला नव्हे. आणि आतलं काही बाहेर पाठवायचं नाही. पोराटोरांनी पटापट नावं पाठवली. सुनांच्या वतीने सासरची नावं त्यांच्या नवऱ्यांनी सांगितली. तालायचा फोन गप्पच राहिला, आणि एका सकाळी ग्रुप त्यावरून नाहीसा झाला.

तिने शेरमतला फोन लावला. तो तालायचा चुलत भाऊ, शाळेत कवायत शिकवायचा आणि ग्रुपची राखण करायचा. सासरच्या कुणाचंच नाव सुनेने घ्यायचं नाही, म्हणून ती लग्न होऊन आली तेव्हा तो शेंबडा असतानाच तिने त्याचं नाव 'शहाणबाळ' ठेवलं होतं. आता त्याचं पोट सुटलं तरी तेच चालू होतं.

"शहाणबाळ, मला बाहेर काढलंस होय रे?"

"वहिनी, तुम्हाला कुठे? दादाला काढलं. मेलेला माणूस किती दिवस ग्रुपमध्ये बसणार? बरं, बसायचा तेही न बोलता. जिवंतपणी तर कुणाला बोलू देत नव्हता."

तिला हसू आलं. "मग मला घे."

"घेतो की. सात नावं पाठवा."

"माझ्या तोंडून? वेडा आहेस का तू? बेगिमाय सांगेल. लेकीकडून वडलांनी ती पाठ करून घेतली होती."

"बेगिमायचं लग्न झालं. मुलगी म्हणजे परक्यांची, हे तुम्हीच तिच्या पाठवणीत रडत रडत म्हणाला होतात."

"मग तू सांग माझ्या वतीने."

"नवऱ्यालाच परवानगी आहे. मी बोललो तर मॉस्कोतला तो एलदोस आहे ना, दुसरा राखणदार, तो माझी चामडी लोळवील. आणि थोरले दादा काय म्हणतील ते वेगळंच."

"निदान आपांची दुवा तेवढी मला पाठवत जा."

"बाहेर काही जायचं नाही, वहिनी. ह्यापायी दोन पोरं हाकलली आम्ही." त्याने आवाज खाली आणला. "अहो, सात नावं तर आहेत. म्हणून टाका. कोण तुमची जीभ कापायला येतंय?"

कुणी येणार नव्हतं. पण लग्नाच्या दिवशी ओढणीआड घेऊन आपांनीच ती नावं तिच्या कानात सांगितली होती. "एकदाच सांगते. मनात ठेव, ओठावर आणू नकोस. मीही आणली नाहीत." तेव्हापासून दर गुरुवारी ती तेलात कणकेचे तुकडे तळायची, गेलेल्यांना वास पोचावा म्हणून. सात लहान भाकऱ्या भाजायची, आणि एकेका भाकरीवर एकेका पूर्वजासाठी मनात प्रार्थना म्हणायची. तापात पडली तरी तिचा तो नेम चुकला नव्हता. नावं तिच्या आत होती, पण आवाजाच्या बाहेर होती.

तिने मधला मार्ग काढला. सुना घरात नाव टाळून बोलतात तसं बोलून राखणदारांना पाठवलं. पहिले आमचे मोठ्या घरचे, त्यांच्यावरचे पांढऱ्या दाढीचे, त्यांच्यावरचे खिंडीपलीकडचे, अशी सातही माणसं तिने आदराने मांडली. एलदोसचं उत्तर लगेच आलं. लहानपणीच मॉस्कोला गेलेल्या त्या पोराने सुनांची ही बोली ऐकलीच नसावी. "बाई, वाडवडलांची थट्टा करायला दुसरी जागा शोधा. पुन्हा आलात तर कायमची बंदी."

थट्टा. तो शब्द तिच्या काळजात रुतून बसला.

पुढचा शुक्रवार कोरडा गेला, त्याच्या पुढचाही. दुवेची वेळ झाली की तिचे हात आपोआप मशीनवरून उठत आणि रिकामेच खाली येत. आपांचं वय झालं होतं. एखाद्या शुक्रवारी दुवा येणारच नाही, आणि ते आपल्याला कळणारही नाही, ह्या विचाराने तिचा जीव टांगणीला लागे.

शेवटी एका गुरुवारी भाकऱ्या भाजून झाल्यावर तिने हातपाय-तोंड धुऊन वजू केली, चटईवर बसली आणि म्हणाली, "अल्ला, माझा हेतू तू जाणतोस." मग फोन तोंडाशी धरून तिने नावं घेतली. पहिलं, सासऱ्यांचं, घेताना जीभ टाळूला चिकटली. पुढची एकामागोमाग आली. आवाज तिला स्वतःलाच ओळखू येईना. एखादी परकी बाई कचेरीत बोलावी तसा तो होता. बोलून झाल्यावर तिने पाण्याने तोंड पुन्हा धुतलं.

तासाभरात ग्रुप उघडला. शेरमतने लिहिलं होतं, "तालायदादाच्या घरून. स्वागत." खाली कुणी अंगठे दाखवले.

शुक्रवारी दुपारी आपांचा आवाज आला. पूर्वीपेक्षा बारीक झाला होता, मधे मधे धाप लागत होती. सोनुनबुबूने मशीन थांबवलं, ओंजळ पसरली. चुली, मेंढ्या, लेकरं. आमीन. पण दुवा संपल्यावरही आपा बोलतच राहिल्या.

"काल कुंदुझने मला एका बाईचा आवाज ऐकवला. आमच्या म्हाताऱ्यांचं नाव तिने धडधडीत घेतलं. मी त्यांच्याबरोबर जन्म काढला, पण ह्या घरात बाईमाणसाच्या तोंडून ते नाव कधी ऐकलं नव्हतं. कुंदुझ म्हणते, ती आमची सोनुन. मी म्हटलं, पोरी, मला बहिरी समजू नकोस. आमची सोनुन मरेल, पण ते नाव घ्यायची नाही. कुणाची का लेक असेना, अल्ला तिचं भलं करो."

खोकल्याची उबळ आली. कुंदुझ हळूच म्हणाली, "आपा, पाणी प्या."

"थांब गं. शेरमत, ऐकतोयस का? तुमचे नियम असू देत, बाबा. पण माझी सून कधी दाराशी आली, तर तिला नावं घ्यायला लावू नका. ती आमचीच आहे, मी साक्ष आहे. तिला आत घ्या."



सोनुनबुबूने बोलायच्या बटणावर बोट टेकवलं. 'आपा, मीच आहे' एवढं तर म्हणायचं होतं. पण तसं म्हणावं, तर जिच्याबद्दल त्या साक्ष देत होत्या, ती सून त्याच क्षणी त्यांच्यापुरती संपली असती. बटण तिच्या बोटाखाली न दाबता तसंच राहिलं. शेजारच्या मशीनवरची बाई म्हणाली, "काय गं, गावाकडे सगळं बरं ना?"

"बरंय," ती म्हणाली. "सासूबाई माझी वाट बघतायत."

तिने बोट उचललं, आणि कापड सुईखाली सरकवलं.