मोगऱ्याची कुंडी

गेल्या राखीला मी साळूआक्काला साडीऐवजी मोगऱ्याची कुंडी नेली. नाशिकच्या नर्सरीतली. वणीजवळच्या खेड्यात, शेतात राहणाऱ्या बहिणीला शहरातून कुंडी नेणारा दीडशहाणा भाऊ मीच.

यंदा गेलो तर ओवाळायच्या आधी आक्काने मला परसात ओढत नेलं. वालाच्या रोपांच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. मातीवर सगळीकडे चिकट, चकाकते माग.

"शेंबी हायेत. बिनशंखाच्या गोगलगायी. आपल्याकडं कधी नव्हत्या. ह्या भिकानंच सोडल्या, मला जळतो तो. तीनदा पेरलं, मनोज. आईच्या बियाचं मडकं रिकामं झालं."

"मग काय करतेस त्यांचं?"

"श्रावणात जीव मारायचा नाय. रोज सकाळी बादलीत वेचते अन् बांधापल्याड ओतते. त्याच्या त्याला."

भिका बांधाला बांध लागून असलेला शेजारी. दोन वर्षांपूर्वी आक्कानेच त्याला आईने जपलेलं वालाचं अर्धं बी दिलं होतं, एकाचं गेलं तर दुसऱ्याकडे असावं म्हणून. आता ते फक्त त्याच्याकडे होतं आणि ही त्याच्या दारात पाय ठेवायला तयार नव्हती.

मोगरा मात्र अजून तग धरून होता. मी कुंडी उचलली. बुडाला शेंबीच शेंबी, आणि भिजवलेल्या साबुदाण्यासारखी अंडी. कुंडी गुपचूप खाली ठेवली.

राखी बांधून घेतली. जेवायला बसलो. लाज वाटत होती आणि भीतीही.

"आक्का, भिकाने नाही सोडल्या. माझ्या कुंडीतून आल्या."

आक्का उठली, हात धुतले. मग डोक्यावर पदर घेतला. "चल. त्याची माफी मागू, मूठभर बी मागू."

भिका ओट्यावर बसला होता. आक्काने हात जोडले, बी मागितलं. तो उठला आणि आम्हाला त्याच्या वालाकडे घेऊन गेला. तिथे तर काड्याही नव्हत्या.

"दोनदा पेरलं, साळूबाई. होतं तेवढं सगळं. पंधरा दिसांत साफ," तो म्हणाला. "बांधाकडनं यायच्या, लय. कुठनं येत्यात तेच कळंना."

आक्काने बांधाकडे पाहिलं. मी तिचा हात धरायला गेलो, तर तिने तो सोडवून घेतला.

"तू एकच कुंडी आणली रे," ती म्हणाली. "मी रोज बादली आणली."