पाहुण्यांचा परवाना

“पुन्हा गुडघा आपटला,” गाडीत बसता बसता जावई पुटपुटला. “रोज सीट पुढे ओढलेली. आरसा तर असा लावलेला, की मागच्या रस्त्याऐवजी माझी हनुवटी दिसते.”

हे तो स्वतःशीच म्हणाला होता. पण शेजारी बसलेल्या त्याच्या सासूबाईंच्या कानाला आयुष्यात कधी गिअरची खरखर चुकली नव्हती, तिथे जावयाची काय कथा. त्यांनी पट्टा लावला, पर्स मांडीवर घेतली आणि पाय सवयीने खालच्या रबरी चटईवर रोवला. त्या जागी चटईला भोक पडलं होतं. तेहतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलेली बाई. शेजारी बसलं की पाय आपोआप ब्रेक शोधतो. शिकवायच्या गाडीत त्या बाजूलाही ब्रेक असतो, जावयाच्या गाडीत नसतो, एवढं पायाला कोण समजावणार?

तिकडे, त्यांच्या गावात, सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणायचे. एक न्यायाधीश, दोन सुईणी आणि खुद्द वाहतूक खात्यातले तिघे त्यांच्या हाताखाली स्टेअरिंग धरायला शिकले होते. आणि आज त्याच मास्तरीणबाई परक्या देशातल्या वाहतूक कार्यालयात दंडापायी निघाल्या होत्या. शाळेच्या रस्त्यावर तीसची मर्यादा. नातीला उशीर झाला म्हणून यांनी एकोणचाळीसवर नेली. कॅमेऱ्याने टिपलं. पत्र गाडीच्या मालकाच्या, म्हणजे जावयाच्या नावावर आलं: गाडी कोण चालवत होतं ते कळवा.

जावई म्हणाला होता, माझंच नाव घालतो, विषय संपेल. मास्तरीणबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं होतं. दुसऱ्याच्या ब्रेकवर मी जन्मभर पाय ठेवला, पण माझ्या चुकीवर दुसऱ्याची सही कधी घेतली नाही, असं त्यांनी ऐकवलं. वर हेही, की कॅमेऱ्याच्या जागी मी असते तर मीही मला पकडलं असतं.

तेव्हा कळवलं: चालक, सासू, परवाना परदेशी. त्यावर दुसरं पत्र आलं, की मूळ परवाना आणि पासपोर्ट घेऊन समक्ष या. सोबत एक माहितीपत्रक. ते लेकीने तीनदा वाचलं आणि तिसऱ्या वेळी आईचा पासपोर्ट शोधून काढला.

कारण त्यात दोन वाटा होत्या. माणूस पाहुणा म्हणून आला असेल, तर त्याचा परदेशी परवाना वर्षभर चालतो. दंड भरा, मोकळे व्हा. पण तो इथे राहायला आला असेल, तर वर्षानंतर तो परवाना नुसता फोटो. मग वेगाचा दंड वेगळा, परवान्याविना गाडी चालवल्याचा वेगळा, आणि पहिल्यापासून शिकाऊ म्हणून सुरुवात.

मास्तरीणबाईंना येऊन चौदा महिने झाले होते. मधे अकरा दिवस त्या तिकडे जाऊन आल्या, त्यामुळे पासपोर्टावरचा प्रवेशाचा शिक्का होता चार महिन्यांपूर्वीचाच. त्या अकरा दिवसांत त्यांनी स्कूलच्या दोन्ही गाड्या विकल्या. गंजून जातील म्हणून, असं परत आल्यावर सांगितलं. कुणी जास्त विचारलं नाही. लेकीला वाटे, विचारलं तर आईला अडकल्यासारखं होईल. मास्तरीणबाईंना वाटे, आपण म्हटलं तर गळ्यात पडल्यासारखं होईल. जावयाला काय वाटे ते कळायला मार्ग नव्हता. तो लिफ्टची तपासणी करणारा माणूस, दिवसभर दोर आणि कप्प्या बघायच्या आणि मोजकं बोलायचं, ही त्याची नोकरी आणि हाच स्वभाव. परतीचं तिकीट तीनदा पुढे ढकलून आता मार्चवर आलं होतं. मास्तरीणबाईंचे कपडे अजून सुटकेसमधेच होते, आणि त्या झोपत त्या खोलीला घरात पाहुण्यांची खोली म्हणत. घराला तेवढी एकच पाहुणी होती.

“शिक्का चार महिन्यांचा आहे,” मागच्या सीटवरून लेक तिसऱ्यांदा म्हणाली. “पाहुणी म्हणायचं आणि दंड भरायचा. खोटं थोडंच आहे? तिकीट तर आहेच.”

मास्तरीणबाई हूं म्हणाल्या. पुढच्या सिग्नलला जावयाने ब्रेक लावायच्या आधी त्यांनी चटईवर लावला.

कार्यालयातली खोली लांबट होती, खुर्च्या एकमेकींना पट्टीने जोडलेल्या; एकजण उठला की सगळी रांग डुलायची. नंबर आला. काउंटरवरच्या बाईंनी परवाना उजेडात धरला. फोटोत मास्तरीणबाई स्वतःच्या धाकट्या बहिणीसारख्या दिसत होत्या.

“अडतीस वर्षांचा परवाना,” काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, “आणि हा पहिलाच दंड?”

“पहिलाच.”

बाईंनी शिक्का पाहिला, फॉर्म उलटा करून समोर सरकवला आणि पेनाच्या टोकाने दोन रिकाम्या चौकटी दाखवल्या. पाहुणे. रहिवासी.

लेकीने आईच्या कोपराला हलकेच कोपर लावलं. मास्तरीणबाईंनी पेन उचललं आणि खूण करायच्या आधी विचारलं, की समजा एखादा माणूस रहिवासी असला, तर त्याचं नेमकं काय होतं.

बाईंनी समजावून सांगितलं. इथे चुकीला पैशांबरोबर परवान्यावर दंडाचे गुणही चढतात. परवाना इथला नाही, म्हणून गुण कुठे नोंदवायचे, असं लोकांना वाटतं. पण तशी अडचण नसते. आम्ही माणसाच्या नावाने नोंद उघडतो आणि दंडाचे गुण तिथे ठेवतो. पुढे तो परीक्षा पास झाला, की नव्या कोऱ्या परवान्यावर ते आधीच येऊन बसलेले असतात.

“म्हणजे लग्नाआधी बारसं,” मास्तरीणबाई म्हणाल्या. काउंटरवरच्या बाईंना हसू आवरलं नाही.

पास होईपर्यंत एकटीने गाडी चालवता येणार नाही, हेही बाईंनी सांगितलं. म्हणजे नातीची शाळा अडली. लेक हॉस्पिटलात नर्स, तिची पहाटेची ड्युटी अडली. गाडीच्या मागे शिकाऊची पाटी लागणार. शेजारी परवानाधारक हवा, म्हणजे जावईच बसणार आणि यांना सांगणार, आरसा बघा. याचं मास्तरीणबाईंना उलट हसूच आलं. परीक्षेची भीती त्यांना नव्हती. परीक्षा घेणाऱ्याला गाडी उतारावरून मागे कशी घ्यायची ते दाखवूनच त्या खाली उतरल्या असत्या.

भीती होती ती त्या बोटाएवढ्या चौकटीची. चौकात कधी न अडखळलेली बाई तिथे थांबली. पाहुणे म्हणावं, तर मार्चचं तिकीट खरं करावं लागणार. रहिवासी म्हणावं, तर ते आधी कुणी म्हणायला नको का? शिष्यांना पहिल्या दिवशी त्या सांगायच्या: वळायचं असेल तर आधी दाखवा, मागच्याला मनकवडं समजू नका. आणि स्वतः चौदा महिने सरळ चालल्याचं दाखवत आल्या होत्या.

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मागे वळल्या.

“जावईबापू, घर तुमचं, गाडी तुमची. कुठे खूण करू, ते तुम्ही सांगा.”

“अगं आई, तिकीट आहे ना,” लेक घाईने म्हणाली, आणि नवऱ्याकडे बघायचं टाळून फॉर्मकडे बघत राहिली.

जावई पुढे आला. फॉर्म त्याने लिफ्टचा दोर तपासावा तसा वरपासून खालपर्यंत पाहिला. न तपासलेल्या कशावर तो सही करत नसे. मग सासूबाईंशी न बोलता काउंटरवरच्या बाईंशीच बोलला.

“पाहुणा माणूस गाडी घेतो, तेव्हा सीट होती तशी करून ठेवतो. माझा गुडघा चौदा महिने रोज आपटतोय.” त्याने रहिवासीच्या चौकटीवर बोट ठेवलं. “आई परत जाणार नाहीत. त्या इथंच राहतात, आमच्याकडे.”